माकडांची आक्रमकता आणि मेंदूतील सेरोटोनिन: संबंध रागाशी की आवेगाशी?

गोपाचल (धागालेखक, ग्वाल्हेर)

सप्रेम नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील गच्च्यांवर लाल तोंडाच्या माकडांचा उपद्रव वाढल्यापासून आपल्या मराठी मंडळींच्या मोबाइलवर एक संदेश फिरत आहे. माकडांच्या मेंदूतील सेरोटोनिन (मज्जापेशींमध्ये निरोप पोचवणारे एक रसायन) कमी झाले की ती चावरी होतात, म्हणून त्यांना केळी घालावीत, असे त्यात म्हटले आहे. या विधानाचा पूर्वार्ध खऱ्या संशोधनावरून उचललेला आहे, मात्र उचलताना त्यातील महत्त्वाचा भाग गळून पडला आहे. शरीरक्रियाविज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली असल्यामुळे ही चर्चा जरा नीट व्हावी, असे वाटले.

सेरोटोनिन हे ट्रिप्टोफॅन नावाच्या अ‍ॅमिनो आम्लापासून तयार होते. शरीरातील ९० टक्क्यांहून अधिक सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूत ते बनवणाऱ्या पेशी संख्येने थोड्या असून त्या मस्तिष्कस्तंभातील राफे केंद्रकांमध्ये असतात, परंतु त्यांचे तंतू जवळजवळ साऱ्या मेंदूत पसरलेले असतात. रक्तातील सेरोटोनिन मेंदूत शिरू शकत नाही, त्यामुळे रक्त तपासून मेंदूतील स्थिती सांगता येत नाही. यावर उपाय म्हणून संशोधक सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारा पदार्थ, ५-हायड्रॉक्सिइंडोलअ‍ॅसिटिक आम्ल, मेंदूभोवतीच्या द्रवात मोजतात. त्यालाच पुढे मी ५-एचआयएए म्हणेन. माकडाला भूल देऊन, मानेच्या मागून कवटीच्या तळाशी सुई घालून हा द्रव काढला जातो.

या विषयातील सर्वांत गाजलेले काम अमेरिकेतील साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळील मॉर्गन बेटावर झाले. १९७९-८० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणलेली ऱ्हीसस माकडे, म्हणजे आपल्या गच्चीवर येतात त्याच जातीची माकडे, तेथे मोकळी राहतात. हिग्ली, मेल्मन, सुओमी आणि लिनॉइला या संशोधकांनी तेथील तरुण नर पकडून, द्रवाचा नमुना घेऊन, त्यांना पुन्हा सोडून दिले आणि नंतर त्यांच्या वागण्याचे निरीक्षण केले. १९९२ च्या अभ्यासात २८ नर होते. ज्यांचे ५-एचआयएए कमी होते, ते अधिक आक्रमक होते आणि त्यांच्या अंगावर जखमा व जुने व्रण अधिक होते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला २६ नरांचा अभ्यास मला त्याहून मोलाचा वाटतो. वटारून पाहणे, धमकावणे, जागेवरून हुसकावणे असली भांडणे माकडांत सतत चालूच असतात. कमी ५-एचआयएए असलेल्या नरांचे वेगळेपण असे की, त्यांचे भांडण सुरू झाले की ते धमकीवर थांबत नसे. दूरवर पाठलाग आणि प्रत्यक्ष चावा येथपर्यंत जाण्याचे प्रमाण त्यांच्यात जास्त होते. आणि हेच नर झाडांच्या शेंड्यांवरून, खाली पडल्यास जिवावर बेतेल अशा उंचीवरून, लांब उड्याही अधिक मारत होते.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या उड्यांमध्ये आहे. उडी मारणाऱ्या माकडाचा कोणावर राग नसतो. जो दुवा भांडणात दिसतो तोच उडीतही दिसत असेल, तर सेरोटोनिनचे नाते रागाशी जोडण्याऐवजी आवेग आवरण्याच्या क्षमतेशी जोडणे अधिक योग्य ठरते.

१९९६ मध्ये त्याच बेटावरील ४९ नरांच्या चार वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्या काळात ११ नर मेले किंवा बेपत्ता झाले. ५-एचआयएए सर्वाधिक असलेल्या चतुर्थांश गटातील एकही त्यांत नव्हता; बहुतेक सगळे कमी पातळीच्या बाजूचे होते. सदस्यांनी आपली मते, आणि विशेषतः आक्षेप, अवश्य मांडावेत.

लष्करकर

गोपाचल सर, धागा उत्तम आहे. एक सरळ प्रश्न विचारतो. महाराजबाड्याहून भाजी घेऊन येणाऱ्या माणसाच्या हातातील पिशवी जे माकड हिसकावते, त्याचे सेरोटोनिन कमी समजायचे का?

गोपाचल

नाही. पिशवी हिसकावणे हा अन्न मिळवण्याचा प्रकार आहे आणि त्या माकडाच्या दृष्टीने तो चांगलाच हिशेबी प्रकार आहे. कोणाच्या हातात पिशवी आहे, तो म्हातारा आहे की तरुण आहे, हातात काठी आहे का, हे सारे पाहून ते झडप घालते. मॉर्गन बेटावर जे मोजले गेले, ते टोळीतील माकडांचे आपापसांतील वर्तन होते. हिसकावणाऱ्या माकडात आवेगाचा अभाव आहे, असेच उलट म्हणता येईल.

राजवाड्याजवळचा डॉक्टर (इंदूर)

धागालेखकांनी माकडांपासून आरंभ केला आहे, परंतु हा विषय कालक्रमाने माणसांपासून माकडांकडे गेला, हे नोंदवणे आवश्यक आहे. १९७६ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील मारी ओस्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांमध्ये असे दाखवले की, ज्यांचे ५-एचआयएए कमी होते, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न, विशेषतः हिंसक मार्गाने केलेले प्रयत्न, अधिक आढळले. १९७९ मध्ये ब्राउन, गुडविन आदींनी अमेरिकन लष्करातील पुरुषांवर केलेल्या अभ्यासात आयुष्यभराच्या आक्रमक वर्तनाचा इतिहास आणि ५-एचआयएए यांच्यात ठळक व्यस्त संबंध आढळला. पुढे १९८३ मध्ये मार्कू लिनॉइला आणि मट्टी विर्कुनेन यांनी फिनलंडमधील हिंसक गुन्हेगार तपासले. तेथे एक फरक स्पष्ट झाला: क्षणिक आवेगात गुन्हा करणाऱ्यांचे ५-एचआयएए कमी होते, तर आधी ठरवून, बेत आखून गुन्हा करणाऱ्यांचे तसे नव्हते. हेच लिनॉइला नंतर मॉर्गन बेटाच्या कामातही होते, त्यामुळे तेथे केवळ 'किती भांडतो' हे न मोजता 'भांडण कोठे थांबवतो' हे मोजले गेले, यात नवल नाही.

व्यवसायामुळे एक गोष्ट मुद्दाम लिहितो. सेरोटोनिनवर काम करणारी औषधे म्हणजे राग शांत करण्याच्या गोळ्या नव्हेत. घरात कोणी तापट आहे म्हणून ओळखीच्या औषधवाल्याकडून अशी गोळी आणून देणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याचे परिणाम निस्तरलेही आहेत.

अंकमोड

मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी आहे, तेव्हा थोडे पाणी ओतते, राग नसावा.

पहिला आक्षेप नमुन्यांच्या आकाराचा आहे. २६ किंवा २८ माकडांवरून मिळालेला सहसंबंध योगायोगाने बराच फुगलेला असू शकतो. माणसांवरील उपलब्ध अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये ड्यूक आणि सहकाऱ्यांनी जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात सेरोटोनिनच्या कार्याचा आणि आक्रमकतेचा सहसंबंध उणे ०.१२ इतकाच निघाला. याचा वर्ग केल्यास लक्षात येईल की, माणसामाणसांतील आक्रमकतेच्या फरकापैकी दीड टक्क्याच्या आसपास भाग एवढाच यातून उलगडतो. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांतील ठळक आकडे आणि हा आकडा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

दुसरा आक्षेप मोजमापाचाच आहे. ५-एचआयएए कमी असणे म्हणजे सेरोटोनिन कमी असणे, हे आपण गृहीत धरतो. सेरोटोनिनचे विघटन मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे विकर (एन्झाइम) करते. १९९३ मध्ये ब्रुनर आणि सहकाऱ्यांनी नेदरलँड्समधील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या कुटुंबातील काही पुरुषांमध्ये जनुकीय दोषामुळे हे विकर कामच करत नव्हते, आणि ते पुरुष आवेगी व हिंसक वर्तन करत होते. विकर नसल्यावर विघटन थांबते. म्हणजे ५-एचआयएए घटेल, परंतु सेरोटोनिन घटण्याचे कारण उरत नाही. अशा माणसाला 'सेरोटोनिन कमी असलेला' म्हणणे चुकीचे ठरेल.

तिसरा आक्षेप दिशेचा. पातळी कमी म्हणून माकड मारामारी करते, की सतत मार खाऊन आणि टोळीबाहेर राहून त्याची पातळी कमी होते? केवळ निरीक्षणातून याचे उत्तर मिळणार नाही.

गोपाचल

अंकमोडताई, राग कसला? तिन्ही आक्षेप बिनतोड आहेत. पहिल्यावर एवढेच म्हणेन की, माणसांवरील अभ्यासांत आक्रमकता बहुधा प्रश्नावल्या भरून घेऊन मोजलेली असते आणि प्रश्नावलीत हिशेबी व आवेगी आक्रमकता एकत्र कालवली जाते. त्यामुळे सहसंबंध दुबळा दिसणे अपेक्षितच आहे. दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे तोड नाही आणि तो मान्यच करावा लागतो.

तिसऱ्याबद्दल मात्र लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, कारण दिशा तपासणारे प्रयोग झाले आहेत. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मायकेल रॅली आणि मायकेल मॅकग्वायर यांनी व्हर्वेट जातीच्या आफ्रिकी माकडांवर दीर्घकाळ काम केले. १९८४ मध्ये त्यांनी दाखवले की, टोळीतील सर्वांत वरच्या नराच्या रक्तातील सेरोटोनिन दुय्यम नरांच्या सुमारे दुप्पट असते. मात्र ही पातळी जन्मजात नव्हती. वरच्या नराला टोळीपासून वेगळे ठेवल्यावर त्याची पातळी उतरली आणि त्याच्या जागी जो नर चढला, त्याची वाढली. येथे मोजले ते रक्तातील सेरोटोनिन, मेंदूतील नव्हे, ही मर्यादा ध्यानात ठेवावी; तरीही सामाजिक स्थान बदलल्याने शरीरातील रसायन बदलते, एवढे त्यातून निर्विवादपणे दिसते.

१९९१ चा प्रयोग उलट बाजूने होता. बारा टोळ्यांमधून प्रमुख नर काढून घेण्यात आला. मागे उरलेल्या दुय्यम नरांपैकी एकाला चिठ्ठी टाकावी तसे निवडून औषध दिले गेले. ट्रिप्टोफॅन किंवा फ्लुओक्सेटिन ही सेरोटोनिनचे कार्य वाढवणारी द्रव्ये दिली, तेव्हा प्रत्येक टोळीत तोच नर प्रमुख झाला. फेनफ्लुरामिन किंवा सायप्रोहेप्टाडिन ही कार्य घटवणारी द्रव्ये दिली, तेव्हा औषध न मिळालेला दुसरा नर प्रमुख झाला. याला अपवाद घडला नाही.

आणि आता ज्याकडे सहसा दुर्लक्ष होते तो भाग. वाढीव सेरोटोनिनवाला नर मारामारी करून वर चढला नाही. प्रमुखपद मिळण्यापूर्वी त्याचे माद्यांशी सलोख्याचे वर्तन, म्हणजे जवळ बसणे, अंगावरील केस विंचरल्यासारखे साफ करणे, वाढलेले आढळले. व्हर्वेटांच्या टोळीत माद्यांचा पाठिंबा नसलेला नर टिकत नाही. म्हणजे वर्चस्व आणि आक्रमकता या दोन गोष्टी एका तराजूत तोलता येत नाहीत. सत्तेवर बसलेला नर शांत असू शकतो आणि सतत दात-ओठ खाणारा नर तळाशी असू शकतो. ग्वाल्हेरच्या दरबारी इतिहासात वाढलेल्या आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे सांगण्याची गरज पडू नये.

कंपूची सून

मी आहारशास्त्राची पदवीधर आहे, म्हणून केळ्यांविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे, असे समजते. केळ्यात सेरोटोनिन असते हे खरे आहे. परंतु गोपाचलकाकांनी वर लिहिल्याप्रमाणे ते रक्तातून मेंदूत जात नाही, त्यामुळे केळे खाऊन मेंदूतील सेरोटोनिन वाढते, हा दावा पहिल्याच पायरीवर अडखळतो. ट्रिप्टोफॅन मात्र मेंदूत जाते. तेथेही अडचण अशी की, इतर काही मोठी अ‍ॅमिनो आम्ले मेंदूत नेणाऱ्या त्याच वाहक प्रथिनासाठी त्याच्याशी स्पर्धा करतात. त्यामुळे प्रथिनांनी भरलेले जेवण केल्यास ट्रिप्टोफॅन पोटात जास्त जाऊनही मेंदूपर्यंत पोचण्यात मागे पडू शकते. रॅली-मॅकग्वायर यांच्या प्रयोगात शुद्ध ट्रिप्टोफॅन दिलेले होते. गच्चीवर टाकलेली फळे आणि तो प्रयोग यांचा संबंध जोडू नये.

आहाराचा खरा अभ्यास वेगळ्याच पदार्थाचा झाला आहे. संशोधक जे. कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नॉर्थ कॅरोलायना येथे लांब शेपटीच्या मॅकाक माकडांना (ऱ्हीससच्याच कुळातील) कमी आणि जास्त कोलेस्टेरॉलचा आहार देऊन पाहिला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, कमी कोलेस्टेरॉलच्या आहारावरील माकडे अधिक आक्रमक व कमी मिळूनमिसळून राहणारी होती आणि त्यांचे ५-एचआयएएही कमी होते. हे वाचून कोणी उद्यापासून तळलेल्या बेडईवर तुटून पडू नये, एवढीच विनंती.

विश्वामित्री (वडोदरा)

आमच्याकडे लाल तोंडाच्या माकडांपेक्षा काळ्या तोंडाची वानरे जास्त. त्यांच्यावरून एक शंका येते. नवा नर टोळीचा ताबा घेतो, तेव्हा आधीच्या नराची पिल्ले मारतो, हे वर्तन युकिमारू सुगियामा यांनी धारवाड परिसरात १९६० च्या दशकात नोंदवले, आणि सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबू येथील अभ्यासातून त्यामागे नराचे प्रजननहित असल्याची मांडणी केली. पिल्लू गेल्यावर मादी लवकर पुन्हा गर्भधारणेस तयार होते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. ही आक्रमकता भयंकर आहे, परंतु ती बेभान म्हणता येत नाही. नर अनेकदा दिवसच्या दिवस मादीच्या मागावर राहतो. या आक्रमकतेला सेरोटोनिनच्या कमतरतेचे लेबल लावणे मला तरी पटत नाही.

गोपाचल

विश्वामित्री, पूर्ण सहमत. फिनलंडमधील गुन्हेगारांत जो भेद दिसला, तोच येथे लागू करावा लागतो. जे वर्तन लाखो वर्षांच्या निवडीतून नराच्या फायद्याचे ठरले आहे, त्यासाठी मेंदूत बिघाड शोधण्याची आवश्यकता नाही.

जातीजातींतील फरकाविषयी आणखी थोडे. वेस्टरगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ऱ्हीसस आणि आखूड शेपटीच्या पिगटेल मॅकाक माद्यांची तुलना केली. पिगटेल माद्यांचे ५-एचआयएए जास्त होते आणि त्यांच्यात गंभीर स्वरूपाची भांडणे कमी होती. ऱ्हीसस ही मॅकाक कुळातील सर्वांत कडक उतरंडीची आणि तापट स्वभावाची जात मानली जाते. दुर्दैवाने आपल्या शहराच्या वाट्याला तीच आली आहे.

अंकमोड

जनुकांचा विषय निघालाच आहे, तर बेनेट आणि सहकाऱ्यांचा २००२ चा अभ्यास येथे हवा. सेरोटोनिन वापरून झाल्यावर पेशीत परत खेचून घेणाऱ्या वाहक प्रथिनाच्या जनुकाची ऱ्हीसस माकडांत एक आखूड आणि एक लांब आवृत्ती आढळते. आखूड आवृत्ती असलेल्या माकडांचे ५-एचआयएए कमी आढळले, परंतु फक्त त्यांच्यातच, जी आईविना, केवळ समवयस्क पिल्लांसोबत वाढवली होती. आईजवळ वाढलेल्या माकडांत त्याच आवृत्तीचा असा परिणाम दिसला नाही. म्हणून 'भांडखोरपणाचे जनुक' ही भाषा निदान या ठिकाणी तरी टिकत नाही.

फुलबाग

सर्वांची माहिती वाचून ज्ञानात भर पडली, पण नवजात पिल्लांना आईपासून तोडून असे आकडे मिळवायचे, याबद्दल कोणी अवाक्षर काढलेले नाही. माझ्या मनाला हे पटत नाही.

गोपाचल

फुलबाग ताई, आपली अस्वस्थता रास्त आहे. अशा संगोपनाचे प्रयोग अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांच्यापासून सुओमी यांच्यापर्यंत अनेक दशके चालले. मेरीलँडमधील पूल्सव्हिल येथील सुओमी यांची प्राणिशाळा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केला. त्याआधी प्राणिहक्क संघटनांनी मोठी मोहीम चालवली होती. माझे वैयक्तिक मत असे की, बालपणीच्या वंचनेचा मेंदूवर खोल परिणाम होतो, हे एकदा सिद्ध झाल्यावर तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करण्याचे समर्थन करणे कठीण होते. मॉर्गन बेटासारखे, मोकळ्या माकडांचे निरीक्षण मला अधिक स्वीकारार्ह वाटते, जरी तेथेही पकडणे, भूल आणि सुई आहेच.

राजवाड्याजवळचा डॉक्टर (इंदूर)

परिस्थितीचा प्रभाव किती मोठा असतो, याचे एक उदाहरण देतो. प्वेर्तो रिकोजवळील कायो सँटियागो बेटावर १९३८ मध्ये क्लॅरेन्स कार्पेंटर यांनी भारतातून नेऊन सोडलेल्या ऱ्हीसस माकडांची वसाहत आहे. २०१७ च्या मारिया चक्रीवादळाने तेथील बहुतेक झाडी नष्ट केली आणि सावली दुर्मीळ झाली. टंचाईमुळे मारामाऱ्या वाढतील, असाच कोणाचाही अंदाज असता. प्रत्यक्षात माकडे परस्परांना अधिक सहन करू लागली, सावलीत एकत्र बसू लागली आणि आक्रमकता घटली. माकडे तीच आणि जातही तीच होती, भोवतालचे गणित तेवढे बदलले. गच्चीवरील माकडांच्या बाबतीतही मी रसायनापेक्षा आधी कचराकुंडी, उघडे अन्न आणि हातातून खाऊ घालण्याची सवय यांकडे पाहीन.

लष्करकर

सर, शेवटचा प्रश्न. आमच्या गल्लीत बरेच दिवसांपासून एक एकटाच दांडगा नर फिरतो. टोळी नाही, साथीदार नाही. तो त्या कमी सेरोटोनिनवाल्यांपैकी असावा, असे आमच्या शेजाऱ्यांचे ठाम मत झाले आहे.

गोपाचल

लष्करकर, शेजाऱ्यांच्या तर्काला थोडा आधार आहे, पण निष्कर्षाला नाही. मेल्मन यांच्या १९९५ च्या अभ्यासात कमी ५-एचआयएए असलेले नर कमी मिसळणारे होते आणि आपली जन्मटोळी इतरांपेक्षा लहान वयात सोडून जात होते, हे खरे. परंतु ऱ्हीसस जातीत वयात येणारा जवळजवळ प्रत्येक नर कधी ना कधी जन्मटोळी सोडतोच, आणि दुसऱ्या टोळीत शिरकाव होईपर्यंत काही काळ एकटा किंवा इतर नरांसोबत भटकतो. मोठे नरही पुढे टोळ्या बदलत राहतात. तेव्हा एकटे असणे हा पुरावा होत नाही. तो किती वयाचा आहे आणि भांडण झाल्यास कोठे थांबतो, हे पाहावे लागेल. तोवर त्याच्या डोळ्यांत रोखून पाहू नका, कारण ऱ्हीसस माकडांत रोखलेली नजर आणि उघडे तोंड ही धमकी असते. दात दिसतील अशी ओठांची ताण मात्र बहुधा माघारीची खूण असते. मुलांना हा फरक आधी समजावून सांगा, कारण माकड दात दाखवते तेव्हा मुले त्याच्यावर धावून जातात.